शिवणखोलीतली भुणभुण

गोंगाटाला नावं ठेवणं हा तिचा रोजचा उद्योग होता, आणि तोही दोन्ही अर्थांनी. पंख्याची घरघर, नळाची खळखळ, भांड्यांचा खणखणाट, वाऱ्याची सूं-सूं, म्हाताऱ्या ट्यूबलाइटची चरचर. एकेकीला तिने संगणकात वेगळा कप्पा दिला होता आणि एकेकीला मनसोक्त शिव्याही दिल्या होत्या. या सगळ्यांच्या गर्दीतून माणसाचा शब्द हाताला धरून बाहेर काढायचा आणि ज्याला नीट ऐकू येत नाही त्याच्या कानाशी नेऊन सोडायचा, हे तिचं काम. श्रवणयंत्रांच्या कारखान्यात ती आवाज साफ करणारी इंजिनिअर होती. त्या कामात तिच्या तोडीचं तिथे कुणी नव्हतं. ते तिला ठाऊक होतं आणि त्यात उगाच लाजावं असं तिला वाटत नव्हतं.

तिची खोली भिंतीपासून छतापर्यंत फोमच्या टोकदार गाद्यांनी मढवलेली. दार लावलं की आपलाच श्वास शेजारी येऊन बसल्यासारखा वाटे. मधोमध टेबलावर एक प्लॅस्टरचं डोकं होतं, रबरी कानांचं, कानांत मायक्रोफोन बसवलेलं. त्याला सगळे मामा म्हणत. कुठलंही नवं यंत्र आधी मामाच्या कानात जाई. मामा कधी कुरकुर करत नसे. कुरकुर करायला तिचा सोबती होता, शेजारच्या टेबलावर बसणारा इंजिनिअर. आवाजाच्या गाळण्या बनवायचं काम त्याचं, म्हणून त्याला चाळणी म्हणत. चांगलं आणि वाईट वेगळं करण्यापेक्षा खोड्या काढण्यात त्याचा हात जास्त चालत असे.

साफ करायची रीत तशी सरळ होती. वाहत्या आवाजाचे बारीक काप करायचे. एकेक काप उलगडून बघायचा, त्यात खर्ज किती, मधला सूर किती, टिपेचा किती. मग त्यातून गोंगाटाचा वाटा वजा करायचा आणि उरलेले काप एकाला एक जोडायचे, सांधा दिसू न देता. पण गोंगाटाचा वाटा ओळखायचा कसा? त्यासाठी तिने एक नियम केला होता आणि मोठ्या अक्षरांत लिहून दारामागे चिकटवला होता. कुणी बोलत नसताना जे ऐकू येतं, तो गोंगाट. माणूस बोलता बोलता थांबतो, त्या फटीत जे उरतं त्याचा ठसा घ्यायचा आणि तेवढं सगळीकडून पुसून टाकायचं. या नियमाने तिला कधी दगा दिला नव्हता.

तिच्या बाबांचं आयुष्य बॉयलरच्या कारखान्यात लोखंडी पत्रे जोडणाऱ्या रिबिटा मारण्यात गेलं होतं. लोखंडी पिंपाच्या पोटात बसायचं आणि बाहेरून आत, आतून बाहेर हातोडा. त्या दणक्याने कानातले टिपेचे सूर आधी गेले. खर्ज तेवढा मागे राहिला. शब्दांचा गाभा कळे, कडा कळत नसत. आईने खडू मागितला की ते विचारत, "काय कडू?" घर हसे. तेही हसत. पण हसू आपल्यावर आहे की आपल्याबरोबर, हेही नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी हळूहळू बोलणंच सोडून दिलं. आई कपडे शिवायची. तिच्या शिवणखोलीत, खिडकीशी एक स्टूल होतं, त्यावर ते दिवसभर बसून राहत. बाहेर बघत. वर्षं गेली तशीच.

मुलगी या कामात शिरली ती त्या स्टुलाकडे बघत बघतच. आणि आता तिने स्वतः घडवलेली यंत्रं बाबांच्या कानात होती. टिपेचे सूर उचलून देणारी, साचे अगदी घट्ट बसणारे. जे काही आत जाईल ते यंत्रातून गाळूनच जाईल, असे.

"या वयात मला कानातले घालायला लावलेस, रिबीट!" पहिल्या दिवशी बाबा म्हणाले होते. लहानपणी ती अंगाने एवढीशी आणि एकदा बसली की जागची न हलणारी, म्हणून तिचं नाव रिबीट.

पण काय खूश होते ते! वर्तमानपत्राचं पान उलटलं की दचकायचे, मग मुद्दाम पुन्हा उलटायचे. कुलपात किल्ली फिरते तेव्हा आधी कुर्र होतं आणि मग टक्, हे आईला बोलावून ऐकवायचे. "बोल, बोल," म्हणायचे आईला, "तुझा 'स' ऐकू येतोय मला. 'समोसा' म्हण बरं, नको, 'सासूबाई' म्हण." तुंबलेलं बोलणं सुटलं होतं. मुलगी फोनवर तासभर अडकायची आणि फोन ठेवल्यावर एकटीच हसत बसायची.

बाबा दिवसभर आईच्या खोलीत, म्हणून तिने त्या खोलीसाठी खास वेगळी जोडणी केली होती. एका सुट्टीला जाऊन कापड बेतायच्या टेबलावर रेकॉर्डर ठेवला, आईला सांगितलं, "तू टीप मारत राहा, अक्षर बोलू नकोस," आणि दार ओढून बाहेर बसली. आई अक्षर बोलली नाही. मशीनचा ठसा मिळाला. तो 'भुणभुण' नावाच्या कप्प्यात गेला, तिथून बाबांच्या यंत्रात. मशीनची कटकट गेली, आईचे शब्द लख्ख झाले.

आणि एका रविवारी ती घरी गेली तर यंत्रं बटणांच्या डब्यात पडलेली.

"हे काय?" तिने आईला विचारलं.

"तूच विचार," आई म्हणाली. तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे शब्द ओठांच्या कोपऱ्यातून येत होते. "मला काही सांगायचं नाही असं ठरलंय त्यांचं. रुसलेत. या वयात."

बाबांनी मुलीला खूण केली आणि तिला जिन्यात नेलं. तिथे त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुज केली. म्हणजे त्यांच्या मते ती कुजबुज होती. वरच्या मजल्यावरचं दार उघडून कुणीतरी खाली डोकावलं.

"तुझ्या आईने गुणगुणणं बंद केलंय!"

ती गोंधळली. "आई कधी गुणगुणायची?" तिने मोठ्याने, ओठ स्पष्ट हलवत विचारलं.

"काय बोलतेस! मशीनवर बसली की सुरूच. कुणाचा शब्द मला कळत नव्हता ना, तेव्हाही ते कळायचं. खालून यायचं, जमिनीतून आल्यासारखं. मी त्या स्टुलावर कशासाठी बसत होतो असं वाटतं तुला? खिडकीबाहेर काय आहे, पाण्याची टाकी! तू मला कानातले घातलेस आणि हिने बंद केलं. मला वाटलं, मी फार बडबड करतो, कंटाळली असेल. मग एक दिवस चिडून काढली यंत्रं. आणि काय सांगू तुला? बाई गुणगुणत होती! पुन्हा घातली, गप्प. पुन्हा काढली, सुरू!" बाबांचा आवाज चढला, मग एकदम पडला. "म्हणजे मी बहिरा असतो तेव्हाच गाते. मी ऐकायला लागलो की तोंड मिटते. एवढं काय केलंय मी तिचं?"

"बाबा, यंत्र चुकत असेल."

"काय?"

"यंत्र! चुकत! असेल!"

"तू केलंयस ते. तुझं यंत्र चुकायचं नाही," बाबा ठामपणे म्हणाले. "माणसं चुकतात. घेऊन जा ती परत. मी आपला बहिरा बरा."

मुलीवरचा विश्वास इतका, की त्यापुढे बायकोवरचा उडाला. यावर हसावं की रडावं, ते तिला कळेना.

आत येऊन तिने आईला विचारलं, "तू गुणगुणतेस?"

"मी? छट्. टाचण्या तोंडात धरून कोण गाणार?"

आई खोटं बोलत नव्हती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाबाही खोटं बोलत नव्हते. मुलीने बटणांतून यंत्रं वेचून घेतली, फुंकर मारून पुसली. ती दोन इवलीशी यंत्रं परत गेली तर बाबाही परत जाणार होते, त्या टाकीकडे बघायला. ते ती होऊ देणार नव्हती.

"पुढच्या रविवारपर्यंत द्या मला," ती बाबांना म्हणाली. "शोधून काढते."

"नाही निघालं तर?"

"निघेल."

दुसऱ्या दिवशी खोलीचं दार लावून तिने 'भुणभुण' कप्पा उघडला आणि शिवणखोलीचा तो जुना आवाज लावला. डोळे मिटून ऐकला. खट् घर्र टक्, खट् घर्र टक्. आईचं मशीन. दुसरं काही नाही.

चाळणी बिस्किट खात होता. खाता खाता थांबला.

"कोण गं ही?"

"कोण कोण?"

"ही गाणारी बाई."

"बाई नाही, मशीन आहे ते. आमच्या आईचं."

"हो का? तुमच्याकडे मशीन खालच्या पट्टीत गातं?"

तिने आवाजाचं चित्र पडद्यावर घेतलं. काळ आडवा, सूर उभा, जिथे जोर तिथे उजेड. मशीनच्या टाक्यांच्या उभ्या रेघा दिसत होत्या, कुंपणाच्या काठ्यांसारख्या ओळीने. आणि त्या काठ्यांमधून आडवी, एकाखाली एक, सोनेरी धाग्यांची जुडी गेली होती. हळूच वर चढत होती, वळत होती, थरथरत होती, खाली उतरत होती. असली जुडी दिसली की ती झोपेतही सांगेल, हा माणसाचा गळा. आणि नेमकी हीच तिला दिसली नव्हती. पाळण्यात होती तेव्हापासून मशीन आणि आई असे दोन आवाज तिने कधी वेगळे ऐकलेच नव्हते. मशीनचा आवाज असाच असतो, अशीच तिची समजूत होती. जगातल्या कुठल्याही परक्या माणसाच्या कानाला जे पटकन कळलं असतं, ते तिच्या कानाला कळणं शक्य नव्हतं.

आई अक्षर बोलली नव्हती, पण गप्प कुठे होती? कुणी बोलत नसताना जे ऐकू येतं तो गोंगाट, असं यंत्राला शिकवलं होतं. यंत्र शहाण्या मुलासारखं शिकलं. आईचा सूर जिथे दिसेल तिथून पुसत राहिलं.

"आईच्या गाण्याचं नाव भुणभुण ठेवलंस," चाळणी म्हणाला. "सांगू का घरी?"

"सांगून बघ. तुझ्या सगळ्या चाळण्यांना भोकं पाडीन."

"त्यांना भोकं असतातच."

ती हसली, खूप हसली, आणि हसता हसता उठून दारामागच्या नियमाखाली तिने पेनाने लिहिलं: आणि कुणी गुणगुणत नसताना. चूक सापडली होती. सापडलेली चूक तिला कधी जड वाटत नसे. उलट हाताला खाज सुटे.

संध्याकाळी ती रेकॉर्डर घेऊन घरी हजर.

"आई, थोडा वेळ गप्प बसून टीप मार."

"गप्पच तर असते मी."

पायडल हललं. मशीन सुरू झालं, आणि आईच्या मिटल्या ओठांतून सूर.

"आई!"

"काय गं ओरडतेस?"

"गुणगुणतेस तू."

"अगं बाई! खरंच की काय?" आईने तोंडावर हात ठेवला. मग छातीत श्वास कोंडून पुन्हा पाय हलवला. जरा वेळ सूर थांबला, तर टीप वाकडी गेली. सूर आला तेव्हाच टीप सरळ झाली. पाय आणि गळा एकाच दोरीने बांधलेले होते. बिनयंत्राचे बाबा खिडकीशी बसून विजयी मुद्रेने बघत होते. "बघ! सुरू झालं की नाही!"

"मग तू चालव मशीन," आई मुलीला म्हणाली. मुलीने चालवलं. दोऱ्याचा गुंता झाला, मशीनच्या पोटातून नुसती खरड ऐकू आली. मग बाबांना बसवलं. बाबांनी पायडलवर पाय असा दिला जणू समोर बॉयलरच आहे. सुई मोडली.

"उठा," आई म्हणाली. "माझं मशीन आहे ते. पिंप नाही."

मुलगी मात्र मोडक्या सुईकडे बघत राहिली होती. सुई! मशीनचा सगळा आवाज सुईला बांधलेला असतो. सुई खाली आली की तेच खट्, तेच घर्र, तेच टक्, प्रत्येक टाक्याला त्याच क्रमाने. आईचा सूर सुईला बांधलेला नाही. तो एका टाक्याला वर असतो, दुसऱ्याला खाली, आपल्या चालीने फिरत असतो. मग आईला गप्प करायची गरजच काय?

तिने मशीनच्या लोखंडी मानेवर एक चपटं, नखाएवढं यंत्र चिकटवलं, सुई खाली आली की तेवढी खूण करणारं. "आता हवं तेवढं गुणगुण," ती आईला म्हणाली. नवी सुई बसली. आईने एका लांबलचक पडद्याची कड दुमडली आणि शेवटपर्यंत शिवत गेली.

मग कारखान्यात तिने त्या आवाजाचे प्रत्येक खुणेशी तुकडे पाडले आणि सगळे एकावर एक ठेवले. शिंपी कापडाच्या घड्या कडेला कड लावून ठेवतो तसेच. जे प्रत्येक तुकड्यात सारखं होतं, ते थरावर थर चढून ठळक होत गेलं. जे दर टाक्याला नवं होतं, ते एकमेकांना खोडत विरत गेलं. तळाशी राहिलं ते निव्वळ लोखंड. खट् घर्र टक्. त्यात आईचा श्वासही नव्हता. हा खरा ठसा. आता मशीनलाच मशीनमधून वजा करायचं.

तिने तसं केलं. हेडफोन लावले, दुसरे चाळणीला दिले.

कुंपण गेलं होतं. सूर तेवढा उरला होता, उबदार, खालून येणारा, बाबा म्हणाले होते तसाच. ती खुर्चीत मागे टेकली. "बघ," ती म्हणाली, "झालं की नाही?"

"थांब," चाळणी म्हणाला. "तिला काहीतरी म्हणायचंय."

तिने आवाज जरा वाढवला. सुराला कडा होत्या. टाचण्यांच्या आडून, ओठांच्या कोपऱ्यातून, मशीनच्या आवाजाखाली वर्षानुवर्षं दडून राहिलेल्या. ते नुसतं गुणगुणणं नव्हतंच. त्यात शब्द होते.

कापड माझं बोलकं गं, दोरा माझा मोकळा,
स्टुलावर बसलास का, लावून ओठाला टाळा?

आणि मग जरा थांबून, सूर खाली आणून,

टाका घालते सरळ, तरी धागा कसा तुटे,
तुझं मौन शिवायाला, सुई मिळेल का कुठे?

तिने हेडफोनवर हात दाबून धरले. 'बसलास'. 'तुझं'. आईने बाबांना जन्मात कधी एकेरी हाक मारली नव्हती. कडाक्याच्या भांडणातही "अहो, तुम्हाला अक्कल आहे का?" असंच म्हणायची. अक्कल काढायची, पण 'अहो' सोडायची नाही. आणि इथे त्या मशीनच्या आडोशाने ती इतकी वर्षं त्यांच्याशी 'तू' म्हणून बोलत होती. समोर, हाताच्या अंतरावर बसलेल्या त्या माणसाशी.

चाळणीने आपले हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "हे बहुतेक मी ऐकायचं नव्हतं," म्हणाला, आणि चहा आणायला निघून गेला. चाळणी असा खोडी न काढता कधी गेला नव्हता.

काम झालं होतं. ठसा बरोबर होता. तो यंत्रात घातला की बाबांना आईचा सूर परत मिळणार होता. पण पूर्वी त्यांना मिळायचा तो नुसता सूर, शब्दांच्या कडा त्यांच्या कानांना दिसतच नव्हत्या. आता यंत्र कडा उचलून देणार. पूर्वीचं सगळं, आणि पूर्वी कधीच न आलेलंही. तिने दोन जोडण्या तयार केल्या. एकीत सूर तेवढा ठेवला, शब्द गाळले. दुसरीत सगळं. मग त्या दोन्ही घेऊन ती शनिवारी सकाळी, बाबा फिरायला गेल्याचं बघून, आईकडे गेली.

आईने ऐकून घेतलं. मग तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मशीनशेजारच्या चिमुकल्या उशीत खोचल्या.

"शब्दसुद्धा?"

"सगळे."

"कान विसरलास, तेही?"

"ते मी नाही ऐकलं अजून. पण येईल तेही."

"अगं आई गं." आईने पदरात तोंड लपवलं. खांदे हलत होते. मुलगी घाबरून जवळ गेली तर आई हसत होती. मग हसू ओसरलं आणि ती पडद्याची कड बोटांनी सपाट करत बसली.

"मनातल्या मनात म्हणतेय असंच वाटायचं मला. आणि ओठांवर आलं तरी त्यांना कुठे ऐकू येत होतं गं! समोर बसून बोलायचं आणि लागायचं मात्र नाही कुणाला. आणि कुठे बोलणार होते मी?"

"मग सूर तेवढाच ठेवते, आई. पूर्वीसारखं. त्यांना काही कळणार नाही. रुसवा जाईल."

आईने दोरा जिभेवर ओला केला, सुईत घालायला गेली, हुकला. पुन्हा घातला.

"पूर्वीसारखं म्हणजे काय? मी म्हणायचं आणि त्यांनी टाकीकडे बघायचं. ते झालं की खूप." दोरा सुईतून पार गेला. "तुला काय वाटतं, तुझ्या यंत्राचं? बरोबर ऐकू येईल ना? अर्धवट नको."

"अर्धवट मी करत नाही," मुलगी म्हणाली.

"मग सगळं येऊ दे."

रविवारी बाबांनी यंत्रं हातात घेतली ती अशी, जणू कडू औषधच. "तुझा शब्द म्हणून," मुलीला म्हणाले, आणि कानात बसवली. स्टुलावर गेले. तोंड खिडकीकडे.

आई मशीनवर बसली. मुलगी बेतायच्या टेबलाला टेकून उभी राहिली. पायडल हललं, कापड पुढे सरकलं, आणि खोलीत एकही सूर नाही. आईचे ओठ उघडत, मिटत. इतकी वर्षं नकळत आलेलं गाणं आज बोलावलं तर येईना. बाबांनी मान वळवून मुलीकडे पाहिलं. त्यांना काय म्हणायचंय ते कळत होतं. बघितलंस?

मुलगी जन्मभर गोंगाट कसा घालवायचा ते शिकली होती. शांततेवर मात्र तिच्याकडे काही उपाय नव्हता. तिने हाताची घडी घातली आणि आईकडे न बघता कापडाकडे बघत राहिली. पडदा लांब होता. शिवण सरळ होती. मशीनने आपली लय धरली. पायाने ती धरली. आईची नजर सुईच्या पुढे पुढे जायला लागली. आणि मग, आधी अगदी तळातून, टाचण्यांवाचून मोकळ्या ओठांमधून,

लोखंडाच्या राजा माझ्या, कान कुठे विसरलास?
मी बोलले दाराशी, तू खिडकीशी हसलास!

बाबा स्टुलावरून उठले नाहीत. फक्त वळले. अख्खे, स्टुलासकट. स्टुलाचे पाय फरशीवर करकरले, आणि त्या करकरीनेही त्यांचं लक्ष हललं नाही.

"'तू' म्हणालीस मला," ते म्हणाले.

आईचा पाय थांबला. कानशिलं लाल झाली होती. "मी? छे. मशीनचा आवाज असेल."

"माझ्या पोरीच्या यंत्रातून मशीनचा आवाज येत नाही," बाबा म्हणाले. "फक्त बाईचा येतो. शब्दासकट येतो. केव्हापासून म्हणतेस हे?"

"तुम्ही 'काय कडू' विचारायला लागलात तेव्हापासून."

"रोज?"

"रोज कसलं. अधूनमधून नवं जोडायचे. कंटाळा येतो तेच तेच म्हणायला."

बाबा गप्प झाले. मुलीने खिडकीबाहेरच्या टाकीकडे पाहिलं. पण हे गप्प बसणं वेगळं होतं. त्यांची बोटं खिडकीच्या चौकटीवर ताल धरत होती, ठक ठक ठकाठक, रिबीट मारायचाच ताल. ओठ हलत होते. मग त्यांनी घसा साफ केला आणि बॉयलरच्या पोटातून यावा तशा आवाजात, सुराशी फारसा संबंध न ठेवता म्हटलं,

कान आणले परत, पोरीने दिले पुसून,
दाराशीच बोल आता, ऐकतो मी बसून!

 आई इतकी हसली की तिला मशीनच्या मानेवर डोकं टेकावं लागलं.

"'पुसून' आणि 'बसून'! काय ते यमक! ओढूनताणून आणलंय अगदी."

"पहिलंच आहे गं. घे चालवून." बाबांनी स्टूल आणखी पुढे ओढलं, मशीनला टेकेल इतकं. "पुढचं म्हण. आणखी असतील. मी आहे इथेच."

"असतील कसले, आहेत," आई म्हणाली. हसता हसता दोरा सुईतून निसटला होता. तिने तो उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला. "थांब जरा, ओवू दे."